म्हादूचं रक्त, माझा सूड

ओळख

रक्ताचा कर्करोग आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा भीती वाटण्याआधी मला ओळख पटली. हाच तो. अकरा वर्षांपूर्वी यानेच माझी धाकटी बहीण सोजर नेली होती. मी खुर्चीत बसले होते, माय माझा दंड धरून होती, आणि माझ्या मनात आलेलं पहिलं वाक्य असं होतं: आलास का, बरं झालं.

हे वाक्य मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढचं बरंचसं टळलं असतं, म्हणून इथे पहिल्यांदाच लिहून टाकते.

मी एका सहकारी साखर कारखान्याच्या शाळेत ग्रंथपाल आहे. आमचं गाव चौसाळ्यापासून जवळच. त्या वर्षी ऊस नव्हता, कारखाना सलग दुसऱ्या हंगामात बंद होता, शाळा तेवढी चालू होती. एप्रिलमध्ये पुस्तकं लावताना तीन पायऱ्यांच्या शिडीवर मला दम लागू लागला. हिरड्यांतून रक्त यायचं. मग दंडावर निळे डाग उठले. कुठे आपटल्याचं आठवत नव्हतं. सोजरला अगदी असेच डाग होते. त्यामुळे मी कुणाची वाट न बघता बीडला जाऊन रक्त तपासून घेतलं. तिथून त्यांनी पुण्याला पाठवलं.

पुण्याच्या डॉक्टर बाई होत्या. कमी बोलणाऱ्या, पण विचारलं तर पूर्ण सांगणाऱ्या. त्यांनी विचारलं, "सख्खं भावंड आहे का?"

"भाऊ आहे. आम्ही बोलत नाही."

"आता बोलावं लागेल," त्या म्हणाल्या आणि कागदावर लिहू लागल्या.

छावणी

आम्ही मेंढरंवाले. अकरा वर्षांपूर्वीच्या दुष्काळात मेंढरं विकून झाली होती. उरलेली दोन बैलं आणि तीन गाई घेऊन माझा भाऊ म्हादू दूध सोसायटीने उघडलेल्या चारा छावणीत राहायला गेला. त्याच्याबरोबर माय आणि सोजर. सोजरने नुकतीच बारावीची परीक्षा दिली होती. मी नोकरीमुळे कारखान्याच्या वसाहतीत.

छावणीत रोज सकाळी जनावरांची मोजणी व्हायची. दावणीजवळ घरचं माणूस उभं नसलं तर नाव कमी करतात, अशी सगळ्यांना धास्ती. सोजरला ताप येऊ लागला. शेजारच्या गावातल्या डॉक्टरने सलाईन लावलं. परत ताप, परत सलाईन. मी एका रविवारी गेले तर ती ताडपत्रीखाली भिंतीकडे तोंड केल्यासारखी पडली होती. भिंत नव्हती, तरी तशी. ओठांवर रक्त सुकलेलं.

"हिला आजच मोठ्या दवाखान्यात ने," मी म्हणाले.

"नेतो की. उद्या सायेब येनार हाय मोजायला. तेवढं झालं की नेतो."

"म्हादू, ती तापाने फणफणलीय."

"पुस्तकावानी बोलू नको अक्का. उनानं हाय ते. समद्या छावणीला ताप हाय."

मंगळवारी नेलं. नवव्या दिवशी सोजर गेली. एकोणीस वर्षांची होती. ते दोन दिवस आधी नेलं असतं तर काय झालं असतं, हे मी पुढे दोन डॉक्टरांना विचारलं. दोघांनीही सरळ उत्तर दिलं नाही. मी मात्र उत्तर ठरवून टाकलं होतं. तेराव्याला सगळ्या भावकीसमोर मी म्हादूला म्हणाले, "बैलं वाचवलीस तू."

त्यानंतर अकरा वर्षं त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. दिवाळीला तो दारात ओवाळणी ठेवून जायचा. मी ती तशीच मायकडे द्यायचे.

दोन फडकी

मायने त्याला निरोप दिला. पुण्याला जायची गाडी मांजरसुंब्याला मिळते. मी आणि माय तिथे उतरलो तर म्हादू आधीच येऊन उभा होता. केस पांढरे झाले होते. मधल्या वर्षांत त्याने पुन्हा मेंढरं धरली होती. त्याने माझी पिशवी घेतली आणि म्हणाला, "च्या घेतीस का?"

अकरा वर्षांनी पहिलं वाक्य ते. मी मान हलवली. हो की नाही, ते त्याला कळलं नाही, त्याने तीन चहा सांगितले.

त्याची बायको कौसा त्याला सोडायला आली होती. ती तोंडाची तिखट. "हाडातलं पानी काढनार म्हनं ह्यांच्या," ती मला ऐकू जाईल अशा बेताने मायला म्हणाली. "मंग मेंढरामागं कोन हिंडनार? ग्रंथपाल बाई?" पण निघताना तिने दशम्या दिल्या. दोन वेगळ्या फडक्यांत बांधलेल्या, एक माझ्यासाठी आणि एक म्हादूसाठी. आम्ही एका फडक्यातलं खाणार नाही, हे तिने ओळखलं होतं. त्या दिवसांत माझ्याशी इतकं समजून कुणीच वागलं नव्हतं.

म्हादूचं रक्त तपासलं. ते माझ्याशी पूर्ण जुळलं.

दवाखान्यातले दिवस

केमोचं मी फार लिहीत नाही. केस गेले, तोंड आलं, जिभेला सगळं लोखंडासारखं लागायचं. पहाटे पाचला रक्त काढायचे, आठला डॉक्टर यायच्या, दहाला फरशी पुसायचे, आणि त्या फिनेलच्या वासाने मला उलटी व्हायची. एक सिस्टर होती, ती फरशी पुसायच्या आधी येऊन माझ्या उशाला संत्र्याची साल ठेवायची. सांगितलं नव्हतं कुणी तिला. तुम्ही अशा वॉर्डात असाल तर कुणालातरी सांगा, साल मिळते.

केमोने आजार दबला. मग म्हादूच्या रक्तातल्या मूळ पेशी मला द्यायचं ठरलं. हाडाला सुई लावावी लागली नाही. त्याला पाच दिवस इंजेक्शनं दिली आणि मग दोन्ही हातांत जाड सुया घालून एका यंत्राला जोडलं. रक्त एका हातातून निघायचं, यंत्र पेशी वेगळ्या करायचं, बाकीचं दुसऱ्या हातातून परत. चार तास त्याला हात वाकवता येत नव्हते. नाकावर माशी बसली तर तो फुंकर मारत होता. काचेतून मी ते पाहिलं.

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? अडकून पडू दे त्याला जरा, असं मला वाटत होतं.

ती पेशींची पिशवी माझ्या सलाईनच्या खांबाला टांगली तेव्हा दिसायला टोमॅटोच्या सारासारखी होती. मी डॉक्टरांना विचारलं, "माझ्या पेशींना जे जमलं नाही ते याच्या पेशींना कसं जमेल?"

त्या खाटेच्या कडेला बसल्या. म्हणाल्या, "प्रत्येक पेशी आपल्या आत काय शिजतंय त्याचे बारीक तुकडे आपल्या दारात मांडून ठेवते. संरक्षण करणाऱ्या पेशी दारोदार फिरून ते तुकडे चाचपतात. ओळखीचे असले तर पुढे जातात. तुमच्या पेशी कर्करोगाच्या दारावरून रोज जात होत्या. त्यांना तो घरचाच वाटत होता."

"आणि म्हादूच्या पेशींना?"

"त्या या घरात वाढलेल्या नाहीत. त्यांना खटकेल. एकदा खटकलं की ती पेशी जागी होते, एकीच्या हजारो होतात, आणि त्या तसल्याच खुणा शोधत फिरतात."

"सापडल्यावर काय करतात?"

"घट्ट चिकटतात. समोरच्या पेशीला भोकं पाडतात आणि आत असं काही सोडतात की ती स्वतःच स्वतःला संपवते. मग सुटून पुढच्या दाराला."

मी ते पुन्हा सांगायला लावलं. स्वतःच स्वतःला संपवते. त्या रात्री कित्येक महिन्यांनी मला गाढ झोप लागली.

परत

सोळाव्या दिवशी पांढऱ्या पेशी वाढू लागल्या. त्या म्हादूच्या होत्या. घरी आले. चार महिने चांगले गेले. मग एका तपासणीत कर्करोगाच्या पेशींचा माग पुन्हा लागला. थोडा, पण लागला.

डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. म्हादूच्या मारक पेशी वेगळ्या काढून थोड्याथोड्या मला द्यायच्या, असं त्यांनी सांगितलं.

म्हादू विचार करून म्हणाला, "म्हंजी कुत्रं सोडायचं."

"तसंच काहीसं."

"मॅडम, कुत्रं सोडायला काय लागत न्हाई. पन लांडग्यामागं गेलेलं कुत्रं हाळी दिली की माघारी यायला पायजे. न्हाई आलं तर मेंढरं बी फाडतंय. आमी बघितलंय."

डॉक्टर पहिल्यांदा हसल्या. "तुम्हाला माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा लवकर कळलं. हाच धोका आहे. तुमच्या पेशींना यांची कातडी, यांची आतडीही परकी वाटू शकतात. आमच्याकडे हाळी आहे, औषध आहे. पण ती कधी द्यायची ते यांनी सांगायला हवं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अंगावर पुरळ, जुलाब, डोळे पिवळे. यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी फोन. दुसऱ्या दिवशी नाही."

मी हो म्हणाले.

बाहेर पडू दे

पेशी दिल्यावर तिसऱ्या आठवड्यात तळहात लाल झाले. मग कानाच्या पाळ्या. मग पाठीवर बारीक पुरळ. मी आरशासमोर उभी राहिले आणि मला आनंद झाला. सुरू झालं, मी म्हणाले. मारायला लागल्या.

मायने पाठ बघितली. तिच्या माहेरी, चकलांब्याकडे, लेकराच्या अंगावर गोवर उठला की त्यावर औषध करत नाहीत. कडुलिंबाच्या पाल्यावर निजवतात आणि पुरळ निघू देतात. "बाहीर पडू दे समदं," ती म्हणाली. "दाबू ने. आत दाबलं की जिवाला बाधतंय."

मला माहीत होतं की हा गोवर नव्हे. वाचनालयातली शरीरशास्त्राची तिन्ही पुस्तकं मी वाचलेली. तरी मायचं बोलणं मी उचललं, कारण ते मला सोयीचं होतं. फोन केला तर हाळीचं औषध देतील, पेशी थांबवतील, आणि मला त्या थांबायला नको होत्या. मी पूर्ण बाह्यांचं पोलकं घातलं. सिस्टरचा फोन आला की "बरी आहे" म्हणायचे.

मग जुलाब सुरू झाले. हिरवट पाणी, दिवसातून दहा वेळा, बारा वेळा. आणि टँकर दर चौथ्या दिवशी यायचा. प्यायचं पाणी माय उकळून गाळून ठेवायची, ते मी असं वाया घालवत होते. टँकरजवळ बायका भांडायच्या, पण मायचा हंडा दिसला की कुणीतरी ओरडायची, "सरका गं, अक्काच्या घरचं आधी भरू द्या." एकदा शेजारची रखमा म्हणाली, "मला बी व्हावा बाई कॅन्सर, हंडा तरी पयला भरंल." सगळ्या हसल्या. मायही हसली. घरी येऊन मला सांगितलं तर मीही हसले, आणि हसताना पोटात कळ येऊन वाकले.

फोन न करता ते सहा दिवस मी कसे काढले ते नीट लिहायला हवं, कारण आजारी माणसाच्या डोक्यात काय चालतं ते घरच्यांना दिसत नाही. मी खाटेवर पडून मोजायचे. कळ आली की एक मेली. दार चाचपलं, खूण सापडली, चिकटली, भोक पाडलं. ही सोजरच्या ओठांसाठी. ही तिच्या निकालासाठी, जो ती गेल्यावर लागला. ही ताडपत्रीसाठी. जितकं दुखेल तितक्या जास्त मरत असतील, असा माझा हिशेब. आणि हे सगळं म्हादूच्या रक्ताला करावं लागत होतं. जो दोन दिवस हलला नाही, त्याचं रक्त आता माझ्या अंगात रात्रंदिवस राबत होतं. याहून चांगला सूड मला सुचला नसता.

ते रक्त मलाही फाडत होतं, हे मला कळत होतं. तेही मला चुकीचं वाटत नव्हतं. मी तरी सोजरकडे फक्त रविवारीच जात होते ना?

सातव्या दिवशी मी मोरीत पडले. मायने म्हादूला बोलावलं.

हाळी

त्याने शेजाऱ्याला जीप घेऊन बोलावलं आणि मला चादरीत गुंडाळून उचललं. उचलताना माझी बाही वर सरकली. हाताची कातडी फोड आल्यासारखी सुटत होती. तो थांबला.

"कवापासून हाय हे?"

मी बाही खाली ओढली.

"अक्का, कवापासून?"

"आठवडा."

"आन् फोन कावून केला न्हाईस?"

जीपमध्ये त्याने माझं डोकं मांडीवर घेतलं होतं. पाटोदा गेलं, जामखेड गेलं. मला वाटलं आता मरणार, तर सांगून टाकावं. सगळं सांगितलं. बैलं, ताडपत्री, सूड, मोजणं. त्याने चादर माझ्या हातावर नीट ओढली. मग म्हणाला, "म्हंजी एक बहीन माझ्याच्यानं गेली. आन् दुसरी तू माझ्याच रक्तानं मारून घेतीस. दोन खून माझ्या नावावर. व्हय?"

मी मांडीवरून डोकं उचलायला गेले, त्याने ते पुन्हा खाली टेकवलं.

"मला बोल, मार, शेन घाल तोंडात. पन हे करू नको. हे म्या न्हाई केलं. हे तू करतीस."

असं मला आयुष्यात कुणी ऐकवलं नव्हतं. आणि ते खरं होतं. त्या सहा दिवसांत छावणी नव्हती, साहेब नव्हता, मोजणी नव्हती. फोन माझ्या उशाला होता.

दवाखान्यात डॉक्टर माझ्यावर ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. फक्त म्हणाल्या, "तुम्ही वाचणाऱ्या बाई आहात." मग मोठ्या मात्रेत स्टेरॉइड सुरू केलं. त्यांनी स्पष्ट सांगितलं की या औषधाने म्हादूच्या पेशी गप्प बसतील, आणि त्या गप्प बसल्या की कर्करोग डोकं वर काढू शकतो. दोन्हीची खात्री देता येणार नाही. सही करा.

पेन मी दोनदा खाली ठेवलं, आणि ते अशक्तपणाने नव्हे. शत्रू अजून आत असताना मी माझ्याच हाताने कुत्रं माघारी बोलावत होते. मी सही केली.

सात आठवडे तिथे होते. तोंडाने पाणी बंद, सगळं शिरेतून. म्हादू माझं बेडपॅन धुवायचा. पहिल्यांदा त्याने ते उचललं तेव्हा मी तोंड फिरवलं. तो म्हणाला, "मेंढीच्या हगवनीपरीस बरं हाय." नको म्हणत असतानाही मला हसू आलं. कौसा एकदा येऊन गेली. तिने दशम्या आणल्या होत्या, एकाच फडक्यात. मला खायची परवानगी नव्हती. म्हादू माझ्यासमोर बसून खायला लाजत होता, तर ती म्हणाली, "खावा की. त्यांच्या अंगात तुमचंच रगत हाय, तुमी खाल्लं की त्यास्नी पोचंल."

काचेखाली

वर्ष झालं आहे. स्टेरॉइड हळूहळू कमी केलं. चेहरा सुजून परत उतरला. केस आले ते कुरळे आले, तसे आमच्या घरात कुणाचेच नाहीत. दुष्काळ संपला की नाही ते सांगता येत नाही, पण कारखान्याच्या चिमणीतून यंदा धूर आहे.

मागच्या महिन्यात तपासणीला गेले. म्हादू बरोबर होता. आत गेल्यावर डॉक्टर काही विचारायच्या आधी मी बाही वर केली आणि मनगटाजवळचा रुपयाएवढा लाल चट्टा दाखवला. दोन दिवसांचा होता. पहिल्याच दिवशी फोनवरही सांगितला होता.

त्यांनी बघितला, दाबून पाहिला, मलम लिहून दिलं. म्हणाल्या, एवढा असलेला बरा, याचा अर्थ पेशी जाग्या आहेत. मग रिपोर्ट काढला. कर्करोगाचा माग नाही. रक्तातल्या सगळ्या पेशी भावाच्या. "तुमच्या रक्ताची तपासणी केली तर ते पुरुषाचं आहे असं येईल," त्या म्हणाल्या.

"मंग आता भावकीच्या बैठकीला बसशील," म्हादू म्हणाला.

मी डॉक्टरांना एक विनंती केली. पहिल्या दिवशी माझ्या हाडातून काढलेल्या मगजाची काचपट्टी त्यांच्याकडे असेल तर मला बघायची होती. त्यांनी कारण विचारलं नाही. प्रयोगशाळेतल्या बाईंनी एका डब्यातून पट्टी शोधली, सूक्ष्मदर्शकाखाली लावली आणि खुर्ची सरकवून दिली.

जांभळ्या गोल पेशी. एकीला लागून एक, सगळ्या सारख्या. तोंड नाही, दात नाहीत. मला वाटलं होतं, प्रत्यक्ष बघितल्यावर राग निवेल, नाहीतर निदान दया येईल. दोन्ही झालं नाही. मी डोळा न हलवता त्यांच्याकडे बघत राहिले. ह्या सगळ्या आता नाहीत, एवढंच मनात म्हणत होते, आणि ते म्हणायला मला फार आवडत होतं.

मग म्हादूला बोलावलं. त्याला एक डोळा मिटून बघायला जमेना, बाईंनी शिकवलं.

"ह्येच का ते?"

"हो."

"सोजरच्या अंगात बी असंच व्हतं?"

"असंच."

तो वाकून बघत राहिला. मी त्याच्या पाठीमागे उभी होते. त्याच्या मानेवरचे केस, उन्हाने रापलेली कातडी, सगळं मला जवळून दिसत होतं. त्याने डोळा न काढता विचारलं, "अक्का, माफ केलंस का मला?"

बाईंनी आमच्याकडे पाहिलं आणि त्या बाहेर गेल्या.

"न्हाई," मी म्हणाले. बऱ्याच वर्षांनी मी घरच्या बोलीत बोलत होते. "माफ न्हाई केलं. पन तुझ्या हातून मरनार बी न्हाई."

त्याने मान हलवली, त्यामुळे काचेखालचं त्याला दिसेनासं झालं असावं. तरी तो उठला नाही.

"तेवढं बास हाय," तो म्हणाला.